उसण, बादलीची कडी आणि 21,600 श्वास

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी लागते, नाहीतर मागचा माणूस बोलून दाखवतो. एका हाताने वरची कडी, छातीवर लॅपटॉप, डबा आणि पाण्याची बाटली. असं वर्षभर केल्यावर एका सकाळी ऐरोली यायच्या आत डावीकडे, छातीच्या मधल्या हाडालगत अशी चमक आली की श्वास अर्ध्यावरच अडला. वय बेचाळीस. मनात काय आलं असेल ते सांगायला नको.

ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक. मग डॉक्टरांनी अंगठा टेकवला आणि विचारलं, "इथेच ना?" मी टेबलावरून उडालोच. "बरगडी जिथे कूर्चेला, म्हणजे लवचीक मऊ हाडाला, जोडली जाते तिथे सूज आहे. कॉस्टोकाँड्रायटिस."

आजी याला सरळ उसण म्हणाली असती आणि गल्लीतला पायाळू माणूस बोलावून त्याचा पाय लावून घेतला असता. उतारही पडला असता! स्नायू आखडून भरलेली उसण बहुधा दोन-चार दिवसांत आपणहून जाते, श्रेय पायाळूच्या पदरात पडतं. कूर्चेचं दुखणं मात्र इतकं साधं नाही. ते आठवडे, कधी महिने रेंगाळतं आणि गेलं म्हणेपर्यंत परत येतं.

का येतं? बरगड्यांच्या 12 जोड्या. वरच्या 7 कूर्चेच्या पट्ट्यांनी थेट मधल्या हाडाला जोडलेल्या, 8 ते 10 आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेल्या, शेवटच्या दोन पुढून मोकळ्या. श्वास घेतला की बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूने वर उचलल्या जातात आणि त्या हालचालीचा पीळ कूर्चा सोसते. श्वासालाच जप मानणाऱ्या अजपाजपाच्या हिशोबात दिवसाचे 21,600 श्वास धरतात, म्हणजे मिनिटाला 15. आजचं वैद्यकही शांत बसलेल्या माणसाचा आकडा त्याच्याच आसपास सांगतं. मुरगळलेल्या पायाला चार दिवस खाटेवर ठेवता येतं, बरगडीला रजा कुठली? त्यात कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण भोवतालच्या आवरणातून झिरपत येतं. त्यामुळे डागडुजी संथ. (वस्तू मात्र चिवट: जन्मतः कान नसलेल्या मुलांना प्लास्टिक सर्जन बरगडीच्याच कूर्चेतून नवा कान कोरून देतात.)

याची भावंडंही आहेत. 1921 साली त्या वेळच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहराच्या अलेक्झांडर टिट्झे या शल्यविशारदाने वर्णन केलेल्या दुखण्यात बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीपाशी डोळ्यांना दिसेल अशी गाठ येते. कॉस्टोकाँड्रायटिसमध्ये ती नसते. खालच्या, आठव्या ते दहाव्या बरगडीचं टोक सैल होऊन वरच्या बरगडीखाली सरकलं, तर वाकताना 'कट्' असं जाणवतं आणि दुखणं पोटाचं वाटतं. अशी माणसं कित्येक महिने गॅसच्या गोळ्या खात बसतात. आणि एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन काही दिवसांनी पुरळ उठला, तर ती नागीण. तिची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकी बरी.

दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदय सुटलं, असं मात्र नाही. छातीवर ओझं ठेवल्यासारखं दडपण, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घाम, धाप यांतलं काही असेल तर बरगडीचा विचार नंतर, आधी 108. मधुमेह्यांत आणि बायकांत हार्ट अटॅकची लक्षणं पुष्कळदा फसवी असतात. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर काही तासांनी परत तपासतात, तो वेळकाढूपणा नव्हे.

हे सगळं तपासून झालं की उरते भीती, आणि माझ्या मते खरा घोळ तीच घालते. दुखेल म्हणून माणूस छातीच्या वरच्या भागातून तुटक श्वास घेतो. मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू ताठरतात, त्याने आणखी दुखतं. मला फिजिओथेरपिस्टने पाठीवर झोपवून, गुडघे दुमडायला लावून, पोटावर तळहात ठेवायला सांगितला. श्वास आत जाताना हात वर यायला हवा. माझा हात जागचा हलेना! पोटाने श्वास घ्यायला शिकण्यात चार दिवस गेले. मग दाराच्या चौकटीला दोन्ही कोपरं टेकवून छाती हळूच पुढे नेण्याचा ताण, दुखेल इतका नाही. गरम पाण्याच्या पिशवीने शेक. सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस, त्या जठराला आणि मूत्रपिंडाला जड जातात. मेडिकलमधून आणलेला छातीचा पट्टा मी आवळून बसलो होतो, तो फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी काढायला लावला. दीर्घ श्वास घेता आला नाही तर फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो.

दुखणं त्यानंतरही दोनदा आलं: एकदा 20 लिटरचा पाण्याचा जार एका हाताने उचलल्यावर, एकदा खोकल्याच्या साथीत. दोन्ही वेळा आधी अंगठ्याने जागा चाचपली. जुनीच जागा, जुनीच कळ, बाकी काही नाही. मग पोटावर हात ठेवून पडून राहिलो. सॅक आता चढल्या चढल्या वरच्या रॅकवर टाकतो. रबाळ्यापर्यंत एक डोळा तिच्यावर ठेवावा लागतो, तेवढंच.