अरबी व्याकरण फक्त घोकूनच येते का?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत एक समजूत बराच काळ फिरते आहे: अरबी क्रियापदांचे तक्ते आधी संपूर्ण पाठ करावेत, वर्गातील गटकाम व खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय.

या समजुतीला आधार आहे, कारण रूपे लक्षात ठेवावी लागतातच. मात्र अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूला ठरावीक साच्यात बसवून घडतात, आणि साचा विद्यार्थ्याने स्वतः शोधला तर तो न पाहिलेल्या धातूलाही लावता येतो. मराठी-कन्नड-उर्दू कानांवर पडणाऱ्या सीमाभागातील मुलांकडे यासाठी सामग्री आधीच आहे: नजर-मंजूर, हशील-महसूल, जप्त-मजबूत. उच्चार मराठीत बदलले असले, तरी या जोड्यांतील दुसरा शब्द मुळात अरबी कर्मवाचक विशेषणाच्या (ज्यावर क्रिया घडली ते दाखवणाऱ्या शब्दाच्या) ‘मफऊल’ या साच्यातला आहे: धातूच्या आधी ‘म’, शेवटच्या व्यंजनापूर्वी ‘ऊ’. असे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून गटांना वर्गीकरण करायला दिले, की नियम मुलेच मांडतात. त्यांत ‘मजदूर’ मुद्दाम घालावा. तो दिसतो याच साच्यातला, पण फारसी असल्यामुळे नियम पडताळावा लागतो, आणि माझ्या मते धड्याचा सर्वांत मोलाचा भाग तोच.

कोणती पद्धत चांगली, याची पडताळणी सोपी आहे. एका तुकडीला तक्ता पाठ करायला द्यावा, दुसरीला वर्गीकरण. वेळ दोघींना सारखाच. काही आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, दोन्ही तुकड्यांना न शिकवलेल्या धातूंची रूपे करायला सांगावीत. शिकवलेलेच तक्ते विचारले, तर फक्त पाठांतर मोजले जाते.