स्विमिंग पूलचा पंप बदलताय? आधी पाइप बघू या

फोनवर पहिला प्रश्न हमखास हाच येतो: "किती एचपीचा बसवू?" आधीचा पंप एकचा होता, पाणी गढूळ राहायचं, म्हणून आता दीडचा घ्यावा असं मनात ठरलेलं असतं. शेजारच्या बंगल्यात दोनचा आहे, हेही कानावर आलेलं असतं. आम्ही पुणे, मुळशी, पानशेत, लोणावळा, कर्जत आणि अलिबाग या पट्ट्यात घरगुती पूलची कामं करतो. आमचा अनुभव उलटा आहे. बऱ्याच घरी आम्ही मोठा पंप काढून लहान बसवला, पाइप मात्र वाढवला, आणि पाणी निवळलं. पंपावर पैसे टाकण्याआधी एवढं वाचा.

आधी पाणी मोजा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली. आपल्याकडच्या फार्महाउसवर सर्रास दिसणारा पूल घ्या: 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, एका टोकाला 1.1 मीटर आणि दुसऱ्या टोकाला 1.5 मीटर खोल. सरासरी खोली 1.3, म्हणजे 41.6 घनमीटर, साधारण 41,600 लिटर. फुटात माप घेतलं असेल तर दर घनफुटाला 28.3 लिटर धरा. पूल गोल किंवा लंबगोल असेल तर आलेल्या आकड्याला 0.785 ने गुणा.

घरगुती पूलचं सगळं पाणी सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं की पुरतं. वरच्या पूलला सहा तासांच्या हिशेबाने ताशी 7,000 लिटर पाणी फिरवावं लागेल. पंप निवडताना हाच आकडा धरायचा. एचपीवरून मोटरची ताकद आणि विजेचं बिल कळतं, पाणी किती मिळेल ते कळत नाही. ते पंपाच्या तक्त्यात असतं: इतक्या मीटर हेडला ताशी इतके लिटर.

हेड म्हणजे पंपाला पेलावा लागणारा एकूण अडथळा, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये मोजलेला. घोळ इथेच होतो. गच्चीवरच्या टाकीचा पंप पाणी वर चढवतो, म्हणून तिथे मजले मोजतात. पूलचा पंप पाणी नुसतं फिरवतो. पूलमधून घेतलेलं पाणी पूलमध्येच परत जातं, चढ जवळपास शून्य. त्याची ताकद खर्च होते ती पाइप, एल्बो (काटकोनात वळवणारे जोड), व्हॉल्व्ह आणि फिल्टरची वाळू यांच्या घर्षणात. नीट केलेल्या घरगुती कामात हे सगळं मिळून 8 ते 10 मीटरमध्ये बसतं, आणि त्या हेडला ताशी 7,000 लिटर अर्ध्या एचपीचा चांगला पूल-पंपसुद्धा देतो. आम्ही बहुधा पाऊण एचपीचा सुचवतो. त्याचं कारण पुढे फिल्टरपाशी येईल.

दीड इंची की दोन इंची

प्लंबर ज्याला दीड इंची म्हणतो तो 50 मिलिमीटरचा पाइप, आणि दोन इंची म्हणजे 63 चा. ऐकायला फरक अर्ध्या इंचाचा. ताशी 9,000 लिटर पाणी दीड इंचीतून सेकंदाला साधारण 1.6 मीटर वेगाने पळतं, दोन इंचीतून 1 मीटरने. घर्षण मात्र वेगाच्या हिशेबात कमी होत नाही, ते एकदम सुमारे एक तृतीयांशावर येतं. सक्शनच्या, म्हणजे पूलमधून पंपाकडे पाणी येणाऱ्या बाजूला सेकंदाला दीड मीटरच्या आत राहायचं, हा आमचा नियम.

पानशेतजवळच्या एका बंगल्यात दीड एचपीचा पंप आणि दीड इंची पाइप होता. पाइपातून पाणी सेकंदाला जवळपास तीन मीटरने ओढलं जात होतं. पंपाच्या खोलीत गेलो तेव्हा आतून कोणीतरी मूठभर खडी फिरवत असल्यासारखा आवाज येत होता. जाळीत खडी नव्हतीच. ओढ इतकी होती की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होऊन इंपेलरवर (पंपाच्या आतल्या फिरत्या चक्रावर) फुटत होते. मालकांनी दोन एचपीचा पंप मागवायची तयारी केली होती! जमिनीतल्या लाइनी फोडायच्या नव्हत्या, पण स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं काठाचं तोंड) आणि तळाचा ड्रेन यांच्या दोन लाइनी वेगवेगळ्या आलेल्या होत्या आणि खोलीत एका दीड इंची टीमध्ये (तीन तोंडांच्या जोडात) कोंबल्या होत्या. तिथून पुढचं सगळं आम्ही दोन इंची केलं, चार एल्बो काढून लांब बेंड घातले आणि पाऊण एचपीचा पंप बसवला. आवाज गेला. दीड एचपीचा पंप साधारण दीड किलोवॉट ओढतो, पाऊणचा 0.8 च्या आसपास. रोज आठ तास चालवला तर महिन्याला 160 च्या वर युनिट वाचतात.

म्हणून सांगतो, पाइपात काटकसर करू नका. पंप आठ-दहा वर्षांनी बदलता येतो, लादीखालचा पाइप बदलायला पूल फोडावा लागतो. नवीन पूल बांधत असाल तर सक्शनला दोन इंचीच घाला, आणि पंप पूलपासून लांब असेल तर अडीच इंचीचा विचार करा.

विहिरीवरची मोटर इथे नको

"घरात मोनोब्लॉक पडलाय, तोच लावून द्या," असं गावाकडच्या घरी ऐकायला मिळतं. तो पंप वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. बिडाचं अंग क्लोरिनच्या पाण्यात गंजतं आणि तो गंज पूलच्या फरशीवर तांबडे डाग पाडतो. पुढे जाळीचा डबा नसतो, त्यामुळे केस आणि आंब्याची पानं थेट इंपेलरमध्ये. शिवाय तो स्वतःहून पाणी ओढत नाही, फुटव्हॉल्व्ह आणि बादलीने पाणी भरणं आलं. पूलचा पंप प्लास्टिकच्या अंगाचा, पारदर्शक झाकणाचा आणि सेल्फ-प्राइमिंग असतो. झाकणातून पाणी फिरताना दिसतं, आणि निम्म्या तक्रारी त्या झाकणाकडे बघूनच ओळखता येतात.

झाकणाखाली हवेचा मोठा फुगा कायम दिसतोय, किंवा पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे आहेत? पंप कुठूनतरी हवा घेतोय. गळती सक्शनच्या बाजूला असली की पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे जागा कोरडीच दिसते आणि प्लंबर हात टेकतो. पंप चालू ठेवून सांध्यांवर दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तिथे गळती. आधी झाकणाची ओ-रिंग बघा, दहापैकी सहा वेळा तीच असते. तिला सिलिकॉन ग्रीस लावायचं. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं.

पंपाच्या तोंडापाशी लगेच एल्बो नको. दोन इंची पाइपाला किमान एक फूट सरळ तुकडा ठेवा, नाहीतर पाणी वळसे घेत इंपेलरवर आदळतं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (आटे फिरवून उघडता येणारा जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह हवेतच. युनियन नसेल तर पंप काढायला पाइप कापावा लागतो, आणि प्रत्येक दुरुस्तीला पाइप बोटभर आखूड होत जातो.

एका गोष्टीत मात्र आम्ही ग्राहकाचं ऐकत नाही. तळाला एकच ड्रेन आणि तो थेट पंपाला, असं काम आम्ही करत नाही. पंपाची ओढ एका जाळीवर एकवटली की अंग किंवा केस तिथे चिकटतात, आणि मोठ्या माणसालाही ते सोडवता येत नाही. अमेरिकेत 2002 मध्ये सात वर्षांची एक मुलगी हॉट टबच्या ड्रेनला अशीच चिकटून बुडाली. तिच्या नावाने तिथे 2007 मध्ये कायदा झाला. दोन ड्रेन, एकमेकांपासून किमान तीन फूट लांब, एकाच लाइनला जोडलेले, आणि दोन्हींवर घुमटाकार अँटी-व्हॉर्टेक्स (भोवरा होऊ न देणारी) झाकणं. जुन्या पूलमध्ये एकच ड्रेन असेल तर निदान झाकण बदलून ओढ स्किमरकडे वळवतो. फुटलेलं झाकण दिसलं तर त्या दिवशी पंप बंद ठेवा आणि कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

फिल्टर आणि हळद

लहान फिल्टर आणि मोठा पंप ही सगळ्यात वाईट जोडी. पाणी वाळूतून वाटा पाडून निघून जातं आणि घाण तशीच परत येते. वरच्या पूलला 500 मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर योग्य, ताशी 9,000 लिटरच्या आसपासचा. पाऊण एचपीचं कारण हेच. रोजच्या फिरवण्याला अर्धा पुरला असता, पण बॅकवॉशला, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून घाण बाहेर काढताना, वाळू खालून उचलली गेली पाहिजे, तेवढा जोर अर्ध्यात मिळत नाही.

वाळू नवी असताना प्रेशर गेज किती दाखवतं ते मार्करने फिल्टरवरच लिहून ठेवा. काटा त्याच्यापेक्षा अर्धा बार वर गेला की बॅकवॉश, मग अर्धा मिनिट रिन्स (सुलट पाणी सोडून वाळू बसवणं). मल्टिपोर्टचा, म्हणजे फिल्टर, बॅकवॉश, रिन्स अशा दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा पंप चालू असताना कधीही फिरवू नका. आतली गॅस्केट निसटते, मग फिल्टर होण्याऐवजी पाणी बॅकवॉशचं पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपातून गळत राहतं आणि "पूल कुठेतरी लीक आहे" म्हणून आम्हाला फोन येतो.

लग्नसराईत कर्जत-अलिबागकडून ठरलेला फोन: हळदीचा कार्यक्रम झाला, सगळे पूलमध्ये उतरले. हळदीचा पिवळा रंग क्लोरिन दोन दिवसांत उडवतं, त्याची काळजी नको. त्रास तेलाचा. हळदीतलं खोबरेल वाळूला चिकटतं, वाळूचे गोळे होतात आणि कितीही बॅकवॉश घेतला तरी काटा खाली येत नाही. वाळू फिल्टर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवावी लागते, नाहीच सुटली तर बदलावी लागते. पूलकाठी एक शॉवर लावा आणि पाहुण्यांना त्याखालून पाठवा. स्वस्तात सुटाल.

कोकणात बोअरचं पाणी भरत असाल तर आणखी एक. पाणी काचेसारखं दिसतं, क्लोरिन पडलं की तासाभरात कोऱ्या चहासारखं होतं. विरघळलेलं लोह क्लोरिनने बाहेर पडतं. पंपाचा यात दोष नाही. पूल भरण्याआधी बादलीभर पाण्यात चिमूटभर क्लोरिन टाकून बघा.

पंपाची खोली आणि आपला पाऊस

पंप पाण्याच्या पातळीखाली असला की पाणी आपोआप भरतं, म्हणून पूलशेजारी खड्डा खणून त्यात पंप ठेवायची पद्धत पडली आहे. लोणावळ्याच्या जुलैमध्ये तो खड्डा भरतो आणि मोटर बुडते. खड्डाच करायचा असेल तर पंप सहा इंचांच्या ओट्यावर, तळाशी निचऱ्याचा पाइप, आणि उतार मिळत नसेल तर फ्लोटचा छोटा सबमर्सिबल पंप. जमत असेल तर आम्ही खोली जमिनीवरच सुचवतो. पूल-पंप मीटर-दीड मीटर वरून पाणी सहज ओढतो, फक्त सक्शनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचा. अॅसिडचा कॅन आणि क्लोरिनचा डबा मात्र त्या खोलीत एकत्र ठेवू नका. वाफेने मोटर गंजते, आणि दोन्ही एकमेकांत सांडले तर विषारी वायू होतो.

पाइपलाइन बदलायची म्हणून पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते आणि रिकामा पूल होडीसारखा वर उचलला जाऊन फुटू शकतो.

वीज

पंपाला स्वतंत्र लाइन, एमसीबी, 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) आणि खरी अर्थिंग. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून इलेक्ट्रिशियनने तो बायपास करून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. तो पडतो म्हणजे काहीतरी सांगतोय. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज 170-180 वर येतं, मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं, म्हणून व्होल्टेज गार्ड लावतोच. पंप दिवसा चालवा, उन्हाने क्लोरिन उडतं त्याच वेळी पाणी फिरलेलं बरं, आणि गच्चीवर सोलर असेल तर वीजही घरचीच.

व्हेरिएबल स्पीडचा पंप महाग असतो, पण वेग निम्मा केला की पाणी निम्मं होतं आणि वीज हिशेबाने आठव्या भागावर येते. प्रत्यक्षात तितकी नाही, तरी बचत घसघशीत. कायम राहत्या घरी तो घ्या. शनिवार-रविवारच्या बंगल्यात, जिथे माळी बटण दाबतो, तिथे साधा पंप आणि टायमर बरा.

काम कसं होतं

पाहणीला येतो तेव्हा गेज, टेप आणि घड्याळ घेऊन येतो. पाइप आयएस 4985 (पीव्हीसी पाइपचं भारतीय मानक) छापलेला, निदान 6 किलो दाबाचा. सांध्याला सोल्युशन लावलं की त्या दिवशी पंप चालू करून दाखवा असा आग्रह धरू नका, 24 तास सुकू द्या. जमिनीत जाणारी लाइन बुजवण्याआधी पाणी भरून दाबाखाली रात्रभर ठेवतो. सकाळी काट्याचा फोटो तुम्हाला पाठवतो, मगच माती पडते. उघड्यावरच्या पाइपाला रंग मारतो, नाहीतर उन्हाने तो खडूसारखा ठिसूळ होतो.

फोन करण्याआधी चार फोटो काढून ठेवा: पंपाची नावपट्टी, पंप चालू असताना गेजचा काटा, खोलीतली सगळी पाइपिंग, आणि तळाच्या ड्रेनचं झाकण. पंपाची खोली आतून कशीही असली तरी लाजू नका, साप निघालेल्या खोल्यांतही आम्ही काम केलं आहे. खोदकामाची कामं ऑक्टोबर ते मेपर्यंतच घेतो, नुसता पंप बदलायला वर्षभर येतो.