‘हॉर्टस मलाबारिकस’ची चित्रं : घेण्याआधी वाचा

दुकानात येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात, “रंग उडाले का हो यांचे?” उडाले नाहीत, मुळात नव्हतेच. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातल्या झाडाझुडपांची चित्रं काढून घेतली. ती ॲमस्टरडॅमला तांब्याच्या पत्र्यांवर कोरली गेली आणि १६७८ ते १६९३ या काळात ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथाच्या १२ खंडांत काळ्या शाईत छापली गेली. कुठे रंगीत पान दिसलं तर ते रंग मागाहून कुणीतरी हाताने भरलेले. आम्ही भरत नाही. फणसाचे काटे नुसत्या रेषांनी कसे उठवलेत ते जवळून पाहा, मग रंगांची आठवणही येणार नाही.

आता कोपऱ्यातली अक्षरं. अनेक चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि चक्क नागरी लिपीत आहे. नागरीतलं नाव कोकणी! मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही या कामात होते. त्यांचं १६७५ सालचं नागरी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. अक्षरं वेडीवाकडी वाटली तर कारागिराला माफ करा. छापल्यावर सुलट दिसावी म्हणून परकी लिपी त्याला उलटी कोरावी लागली. तेव्हा “कडा कापून फ्रेम लहान करा” असं कृपया सांगू नका, नावंच जातील.

मधली उभी रेघ म्हणजे डाग नव्हे. मूळ चित्र दोन पानांवर पसरलेलं असे, ती त्याची घडी.

आमची चित्रं पुनर्मुद्रणं आहेत, बिलावरही तसंच लिहितो. भिंगातून बारीक ठिपके दिसतील. जुन्या पानावर रेषा सलग असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो (पान कापलेलं असेल तर नाही). बाहेर कुणी “अस्सल” म्हणून विकत असेल तर एवढं तपासाच.

पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा, थेट ऊनही नको. फ्रेममागे हवा खेळावी म्हणून चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे आम्ही लावून देतो, ते काढू नका. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर मारू नका. कडेने आत उतरलं की माउंटवर (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यावर) पिवळा डाग पडतो, आणि तो आम्हालाही काढता येत नाही.