पुढची सीट कोणाची?

मित्रांचं टोळकं गाडीकडे निघतं आणि कोणीतरी ओरडतं, "पुढे मी!" बाकीचे कुरकुरत का होईना, मागचं दार उघडतात. गाडी ओरडणाऱ्याची नसते. पेट्रोलचे पैसे त्याने जास्त दिलेले नसतात, वयानेही तो मोठा असेलच असं नाही. तरीही दोन शब्दांच्या जोरावर प्रवासभर ती जागा त्याची होते, आणि ज्यांची संधी हुकली तेच लोक त्याचा हक्क मान्य करतात. मालकी हक्क जन्माला कसा येतो, हे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

हे नियम कोणी लिहून ठेवलेले नसले तरी चांगले काटेकोर असतात. गाडी नजरेला पडल्याशिवाय हक्क सांगायचा नाही. निदान एकाला तरी ते ऐकू गेलं पाहिजे. विसरलेली वस्तू आणायला मागे फिरलात तर हक्क गेला. जातानाचा हक्क परतीला चालत नाही. यातली गाडी दिसण्याची अट सगळ्यांत महत्त्वाची. ओरडायला काहीच खर्च येत नाही, त्यामुळे ही अट नसेल तर आज एक जण घरातून निघतानाच ओरडेल, उद्या दुसरा आदल्या रात्री, आणि तिसरा महिनाभराच्या सगळ्या फेऱ्या आत्ताच नावावर करून घेईल. सगळ्यांना एकाच वेळी दिसणारी एखादी खूण ठरली की ही चढाओढ तिथेच थांबते.

पण ओरडणं पुरेसं, की दाराला हात लागायला हवा? हा वाद वाटतो तितका पोरकट नाही. १८०५ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच प्रश्न आला होता, फक्त तिथे सीटऐवजी कोल्हा होता. पोस्ट नावाचा माणूस शिकारी कुत्री घेऊन एका कोल्ह्याच्या मागे लागला होता. पिअर्सन नावाच्या दुसऱ्याने ते डोळ्यांनी पाहिलं आणि तरीही मध्येच कोल्हा मारून उचलून नेला. बहुमताचा निकाल पिअर्सनच्या बाजूने गेला: नुसता पाठलाग केल्याने जनावर तुमचं होत नाही, ते तुमच्या ताब्यात यावं लागतं किंवा त्याची सुटका अशक्य व्हावी लागते. पाठलागालाच हक्क मानलं तर तंट्यांना अंत राहणार नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. लिव्हिंग्स्टन या न्यायाधीशांना हे पटलं नाही. अशी भांडणं शिकाऱ्यांनी आपल्या रीतीप्रमाणे आपसांतच मिटवायला हवी होती, असं त्यांनी भिन्नमत निकालात लिहिलं. कायदा शिकणारे आजही हा खटला अभ्यासतात. मला लिव्हिंग्स्टन यांचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं, कारण गाडीजवळ उभे असलेले मित्र तेच तर करत असतात. ताबा मिळवायचा तर दारापर्यंत धावाधाव, ढकलाढकली आली. आवाजावर काम भागत असेल तर तेवढं टळतं.

पहिल्या आलेल्याला मान देण्याची रीत माणसापुरती नाही. १९७० च्या दशकात जॉन मेनार्ड स्मिथ या जीवशास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की, जागेसाठी लढून होणारी इजा जागेच्या मोलापेक्षा जास्त असेल, तर 'आधी आलेला लढेल, नंतर आलेला माघार घेईल' हा नियम टिकून राहतो. तो मोडणाऱ्याचं नुकसानच होतं. १९७८ मध्ये निक डेव्हिस यांनी ऑक्सफर्डजवळच्या जंगलात 'स्पेकल्ड वुड' या फुलपाखरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. झाडांतून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात आणि एकेक नर एकेक कवडसा धरून बसतो. दुसरा आला की दोघं भिरभिरत वर जातात, आणि काही सेकंदांत पाहुणा निघून जातो. डेव्हिस यांनी मूळ नराला जाळीत पकडलं, दुसऱ्याला तिथे बसू दिलं आणि मग पहिल्याला सोडलं. आता जिंकला तो नवा. दोघांनाही आपणच मालक असल्याचा समज होईल अशी व्यवस्था केली, तेव्हा मात्र झुंज बरीच लांबली. नंतरच्या संशोधकांनी यावर हरकत घेतली: उन्हात बसलेल्या नराचं शरीर तापलेलं असतं, म्हणून तो जिंकत असेल. हरकत रास्त आहे, पण गणित त्याने खोटं ठरत नाही.

त्याच गणिताने आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. 'नंतर आलेल्याला जागा द्यायची' हा उलटा नियमही टिकू शकतो. मेक्सिकोत ओइकोबियस सिव्हिटास नावाचा कोळी आहे. त्याच्या बिळात दुसरा कोळी शिरला की मूळचा न भांडता बाहेर पळतो आणि तिसऱ्याच्या बिळात शिरतो, मग तो तिसरा बाहेर पडतो. अशी सगळ्या वसाहतीची हलवाहलव होऊ शकते. भांडण यातही होत नाही, पण स्वस्थपणे बसायलाही कोणाला मिळत नाही.

माणसांचं वेगळेपण दिसतं ते अपवादांत. ज्याला गाडी लागते त्याला ओरडावं लागत नाही, इतरच त्याला पुढे बसवतात. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय शरीर हलतंय असं सांगतं आणि मोबाइलवर खिळलेले डोळे सगळं स्थिर आहे असं सांगतात. या विसंगतीतून मळमळ होते. पुढच्या काचेतून वळण आधीच दिसतं, म्हणून त्रास कमी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३ हजारांहून अधिक बसप्रवाशांच्या पाहणीत, ज्यांना समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता त्यांना मळमळीचा त्रास जास्त झाल्याचं आढळलं. लहान मुलाने मात्र कितीही आधी ओरडलं तरी त्याची जागा मागेच. जोरात उघडणारी एअरबॅग त्याच्या शरीराला घातक ठरू शकते. इथे हक्काचा प्रश्नच येत नाही.

या नियमाची खरी खोट अशी की, तो चपळ जिभेच्या माणसाला दर वेळी फायदा देतो. एखाददुसऱ्या फेरीत कोणाला काही वाटत नाही, पण रोज एकत्र जाणाऱ्यांत तेच ते नाव पुढे आलं की कुरबूर सुरू होते. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांचे गोट्यांचे खेळ बारकाईने पाहिले होते. १९३२ च्या पुस्तकात त्यांनी नोंदवलं की लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि अढळ वाटतात, तर दहा-बारा वर्षांच्या मुलांना ते सगळ्यांच्या संमतीने बदलता येतात हे कळलेलं असतं. रोजच्या सोबत्यांचंही तसंच होतं. जाताना जो पुढे बसला त्याने परतताना ओरडायचंच नाही, असं एक दिवस कोणीतरी सुचवतं. मग दोघं एकदम ओरडले तर काय, हा प्रश्न निघतो आणि सगळे चालकाकडे बघतात. स्पर्धेत नसलेला तो एकटाच असतो, आणि शेजारी कोण हवं हे सांगण्याचा त्याचा अधिकार सहसा कोणी नाकारत नाही.