'एक्स माकिना' घ्यायच्या आधी हे जरा वाचा

हे पत्रक छापायचं कारण असं, की ही कॉमिक सिरीज घेऊन गेलेले काही लोक आठवड्याभरात परत येतात आणि म्हणतात अहो यात फायटिंग कुठंय. तर आधीच सांगतो, फायटिंग आहे पण थोडी, बाकी सगळं महापौराचं ऑफिस. आणि त्याच नावाचा रोबोटवाल्या मुलीचा सिनेमा आहे त्याचा नि याचा काडीचाही संबंध नाही, कॉमिक 2004 सालचं आहे, सिनेमा बराच नंतरचा.

लेखक ब्रायन के. वॉन, चित्रं टोनी हॅरिसची. 2004 ते 2010, एकूण 50 अंक आणि 4 स्पेशल, नंतर संपली, म्हणजे बाकीच्या सुपरहिरोंसारखं कायम चालू नाही, शेवट आहे आणि तो ठरवून केलेला आहे. 2005 मध्ये नव्या सिरीजचं आयझनर अवॉर्ड (कॉमिक्सच्या जगातलं मानाचं बक्षीस) पण मिळालंय.

गोष्ट न्यूयॉर्कची. मिचेल हंड्रेड नावाचा सिव्हिल इंजिनिअर, ब्रुकलिन ब्रिजजवळ पाण्यात एक विचित्र वस्तू सापडते, ती फुटते आणि तेव्हापासून हा यंत्रांशी बोलायला लागतो. बंदुकीला म्हणाला 'जॅम हो' की ती जॅम, लिफ्टला थांब म्हटलं की थांबली. ही हुकमाची वाक्यं वेगळ्या धाटणीच्या अक्षरात छापलीत, ती नजरेतून सोडू नका. मग पाठीला जेटपॅक बांधून हा 'द ग्रेट मशीन' बनतो, पण खरं सांगायचं तर हिरोगिरीत तो फार काही ग्रेट नाही, मदत कमी गोंधळ जास्त, पोलीस वैतागलेले. शेवटी कंटाळून मुखवटा काढतो आणि अपक्ष म्हणून महापौरकीला उभा राहतो. निवडून कसा येतो ते पहिल्या अंकाच्या शेवटच्या चित्रात कळतं, ते इथे लिहिणार नाही (ज्यांना माहितीये त्यांनी दुकानात मोठ्याने बोलू नये ही विनंती).

आता एक गोष्ट आपल्या वाचकांसाठी मुद्दाम, कारण इथेच बरेच जण अडकतात. आपल्याकडे महापौर म्हणजे नगरसेवकांनी निवडलेला, अडीच वर्षांचा, मान मोठा पण कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. न्यूयॉर्कमध्ये उलटं आहे. तिथला महापौर लोकांनी थेट निवडलेला, चार वर्षांसाठी, आणि शहर तोच चालवतो, पोलीस कमिशनर सुद्धा तोच नेमतो. त्यामुळे कॉमिकमधली कमिशनर अँगोटी ही आपली पालिका आयुक्त नाही, पोलीसप्रमुख आहे आणि हंड्रेडच्या हाताखालची आहे, एकेकाळी त्याला पकडायला मागे लागलेली बाई आता त्याला रिपोर्ट करते, त्यातच अर्धी मजा आहे. हे डोक्यात बसलं की मग बर्फ पडलाय नि बर्फ काढणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांचे खून होतायत, म्युझियममधल्या एका चित्रावरून भांडण पेटलंय, समलिंगी लग्न लावायचं का नाही, 2003 साली शहरभर वीज गेली तो मोठा ब्लॅकआउट (तो खरोखर झाला होता), हे सगळं एका माणसाच्या टेबलावर का येतं ते आपोआप कळतं. यंत्रं ऐकतात, माणसं ऐकत नाहीत, हीच त्याची गोची. त्याचा जुना मेकॅनिक मित्र क्रेमलिन तर राजकारण सोड आणि परत उडायला लाग म्हणून मागेच लागलेला असतो, आमचं मत विचाराल तर सगळ्यात जिवंत पात्र तोच.

गोष्ट पुढे-मागे उड्या मारते. प्रत्येक प्रसंगावर तारीख असते, ती वाचत चला, नाहीतर तो आत्ता महापौर आहे का अजून मुखवट्यात आहे ते समजणार नाही. हॅरिस खऱ्या माणसांना पोज द्यायला लावून फोटोवरून काढायचा म्हणून चेहरे एकदम खरे वाटतात, कधीकधी नाटकातल्यासारखे जरा जास्तच.

घेताना : पातळ पेपरबॅकचे 10 भाग येतात, जाड पुस्तकांचे 5. दोन्हीत मजकूर तोच पण अंकांची विभागणी वेगळी, त्यामुळे अर्धे हे अर्धे ते घेतले तर काही अंक दोनदा येतील नि काही राहून जातील. एकच प्रकार धरा. नुसती चव बघायची असेल तर पातळ पहिला भाग न्या, पाच अंक आहेत. आमच्याकडची प्रत इंग्रजीच आहे.

आणि लहान मुलांना नको. कव्हर बघून पोरं हट्ट करतात, पण आत रक्त, शिव्या, नग्नता सगळं आहे, मोठ्यांसाठीच म्हणून काढलेली सिरीज आहे ही. दहा वर्षाच्या भाच्याच्या वाढदिवसाला म्हणून मागितलीत तर आम्ही दुसरं काहीतरी काढून देऊ, राग मानू नका.

पहिला भाग झाला की या. फक्त शेवट कसा होतो ते काउंटरवरच्या आमच्या पोराला विचारू नका, तो सांगून टाकतो.