स्टिअरिंग थरथरते, पण नेमके कधी?

ताशी ६० किलोमीटरपर्यंत गाडी अगदी मऊसूत चालते. काटा ८०च्या पुढे गेला की स्टिअरिंगला बारीक थरथर सुटते, ९०ला हातांना मुंग्या येतात आणि ११० ओलांडले की बऱ्याचदा पुन्हा शांत होते. अशा वेळी ‘अलाइनमेंट करून घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन; ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथरीचे मूळ सहसा दुसरीकडे असते, आणि ते शोधायचे तर थरथर कधी होते हे आधी नीट पाहावे.

ठरावीक वेगालाच होत असेल, तर चाकाचा तोल गेलेला असतो. १४ इंची रिमवरचा १७५/६५ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर अंतर कापतो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजेच सेकंदाला जवळजवळ १४ फेरे. रिमच्या कडेला एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे ४ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर खेचते, प्रत्येक फेऱ्यात चारही दिशांना. वेग निम्मा केला की हा जोर एक चतुर्थांश होतो, म्हणून गावात काहीच जाणवत नाही.

मग ११०ला थरथर कमी का होते? जोर तर वाढलेलाच असतो. चाक, हब (चाक ज्यावर नटांनी बसते तो मधला भाग) आणि ब्रेक हा सगळा गठ्ठा खालून टायरच्या हवेवर आणि वरून स्प्रिंगवर तोललेला असतो. त्याची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ हेलकावे. चाकाचे फेरे या लयीशी जुळले की झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका मिळावा तसे होते. हाच अनुनाद. वेग पुढे गेला की लय सुटते. दोष मात्र तिथेच असतो आणि टायर, बेअरिंग झिजवत राहतो.

हे ३० ग्रॅम येतात कुठून? तोल साधण्यासाठी रिमला चिकटवलेले छोटे वजन गळून पडते. तिथे गोंदाचा चौकोनी डाग दिसतो. पावसाळ्यानंतर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल हे तर फारच नेहमीचे कारण. म्हणून आधी चाके आतून धुवावीत, मगच बॅलन्सिंग, म्हणजे मशीनवर वजने लावून चाकाचा तोल साधणे. वजने लावून झाल्यावर चाक मशीनवर पुन्हा फिरवायला सांगावे. आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंना शून्य दिसले पाहिजे. एका बाजूला ६० ग्रॅमच्या वर वजन मागत असेल, तर ते लादू नये. रिम खड्ड्यात वाकली असेल किंवा टायरच सदोष असेल. फिरत्या चाकाशेजारी स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला की रिमची कड त्याच्या जवळ-लांब होताना डोळ्यांनी दिसते.

थरथर हातांपेक्षा सीटखाली जास्त असेल, तर मागची चाके तपासावीत. खात्री नसेल तर पुढची चाके मागे टाकून बघावीत. थरथर सीटखाली गेली तर दोष चाकात, हातातच राहिली तर हबच्या बाजूला.

ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग हलत असेल, तर डिस्क बघावी, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी, ब्रेकचे पॅड जिला दोन्ही बाजूंनी दाबतात ती तबकडी. ‘डिस्क वाकली’ असे म्हटले जाते, पण बहुतेकदा तिची जाडी असमान झालेली असते. ०.०२ मिलिमीटरचा फरकही, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा पाचवा हिस्सा, हाताला कळू शकतो. याची सुरुवात पुष्कळदा पंक्चरच्या दुकानात होते. एअर गनने नट कमी-जास्त आवळले जातात किंवा हबवर गंज राहतो, आणि डिस्क किंचित तिरकी बसते. मग ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा एकच भाग दर फेऱ्याला पॅडला घासतो. काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते, तेव्हा ते पंक्चर कुणाच्या लक्षातही नसते.

उपाय करताना हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा आणि मायक्रोमीटरने (बारीक जाडी मोजायच्या उपकरणाने) डिस्कची जाडी गोलाकार आठ ठिकाणी मोजावी. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. घासून सपाट केल्यावर जाडी त्याहून कमी होणार असेल, तर दोन्ही बाजूंच्या डिस्क पॅडसकट बदलाव्यात. नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने आवळावेत. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी डोलते आणि सोडला की थांबते, असे असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा आतला जॉइंट बहुधा झिजलेला असतो. त्यावरचे रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस बाहेर पडलेले दिसू शकते. गाडी उभी असतानाच थरथरत असेल, तर चाकांचा संबंध नाही. इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेले असते ते रबरी आधार) किंवा एखाद्या सिलिंडरचे मिसफायरिंग, म्हणजे त्यात इंधन नीट न जळणे, बघावे.

शेवटची तपासणी जॅकवर, खाली स्टँड लावूनच. चाक घड्याळाच्या ९ आणि ३च्या जागी धरून हलवले आणि खडखडले, तर टाय-रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे टोक, सैल आहे. १२ आणि ६च्या जागी खडखडले, तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. यांतला कुठलाही ढिलेपणा आढळला, किंवा टायरच्या कुशीवर फुगवटा दिसला, तर बॅलन्सिंगच्या भानगडीत पडू नये. फुगवटा असेल तर स्टेपनी लावावी. जॉइंट सैल असेल तर ती गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टो करून न्यावी.