कोटेशन स्पॅममध्ये का जाते?

ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ईमेल झोहो मेलवर नेल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर ओळखीचे छोटे व्यावसायिक मला एकच प्रश्न विचारू लागले : आपणही परदेशी सेवा सोडून चेन्नईच्या झोहोकडे जावे का? स्वदेशीचा विचार ज्याचा त्याने करावा, परंतु समोरच्याचा मेल सर्व्हर, म्हणजे त्याची पत्रे घेणारा संगणक, तुमची सेवा कोणत्या देशाची आहे हे विचारत नाही. पत्र खरोखर तुमचेच आहे का, हे तो आधी तपासतो, आणि व्यवसायासाठी ईमेल सेवा निवडताना पाहायचे असते ते मुख्यतः हेच.

इचलकरंजीतील माझे एक परिचित यंत्रमागाचे सुटे भाग तयार करतात. वेबसाइटसोबत ‘फुकट’ मिळालेल्या मेलबॉक्समधून त्यांनी भिवंडीच्या एका कारखानदाराला कोटेशन पाठवले आणि आठ दिवस उत्तराची वाट पाहिली. ऑर्डर दुसरीकडे गेल्यावर समजले की कोटेशन स्पॅममध्ये पडून होते. मेलबॉक्स लहान असल्यामुळे असे झाले असावे, असे समजून ते जास्त जीबीचा प्लॅन घ्यायला निघाले होते. वास्तविक जीबीचा या प्रकाराशी काहीही संबंध नव्हता.

ईमेल ज्या नियमांनी एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो, तो एसएमटीपी हा प्रोटोकॉल जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२मध्ये मांडला. त्यातील संभाषण अगदी साधे असते. पाठवणारा सर्व्हर ‘मेल फ्रॉम’ म्हणून प्रेषकाचा पत्ता सांगतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणून घेणाऱ्याचा पत्ता सांगतो, मग ‘डेटा’ म्हणून पूर्ण पत्र देतो आणि एका ओळीत फक्त एक टिंब देऊन ते संपवतो. पत्राच्या आत ‘फ्रॉम’ पुन्हा एकदा असतो आणि आपल्याला पडद्यावर दिसतो तो हाच. म्हणजे लिफाफ्यावरचा प्रेषक वेगळा आणि आतल्या कागदावरचा वेगळा असू शकतो, आणि मूळ नियमांत दोहोंपैकी एकाचीही शहानिशा करण्याची सोय नाही. आंतरदेशीय पत्राच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार आहे.

पुढे यावर तीन उपाय निघाले. पहिला एसपीएफ. तुमच्या डोमेनच्या (ईमेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या) डीएनएस नोंदींमध्ये, म्हणजे त्या नावाच्या इंटरनेटवरील जाहीर नोंदवहीत, ‘आमची पत्रे केवळ या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेटवरील संगणकांच्या क्रमांकांवरून) निघतात’ अशी यादी ठेवायची आणि घेणाऱ्या सर्व्हरने ती पडताळायची. ही पडताळणी लिफाफ्यावरच्या पत्त्यापुरती असते, आणि पत्र मध्येच कोणी फॉरवर्ड केले की आयपी बदलल्यामुळे ती सहसा फसते. माझ्या परिचितांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांच्या डोमेनवर एसपीएफच्या दोन नोंदी होत्या, एक जुन्या सेवेची आणि एक नव्या सेवेची. नियमानुसार अशी नोंद एकच असावी लागते. दोन आढळल्या की तपासणी त्रुटी देऊन थांबते आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात.

दुसरा उपाय डीकेआयएम, आणि तो मला मनापासून आवडतो. पाठवणारा सर्व्हर पत्रातील मजकुराचा आणि निवडक शीर्ष-ओळींचा (प्रेषक, विषय, तारीख अशा) ‘हॅश’ काढतो, म्हणजे कितीही लांब मजकुरापासून २५६ बिटांची एक ठरावीक लांबीची संख्या तयार करतो. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी यातील सुमारे निम्मे बिट बदलतात. मग ही संख्या गुप्त किल्लीने ‘सही’ केली जाते. ही सही कशी होते, ते लुटुपुटूच्या आकड्यांवर पाहू. ३ आणि ११ या मूळ संख्यांचा गुणाकार ३३. गुप्त किल्ली ७ आणि जाहीर किल्ली ३ असे धरू. समजा, पत्राचा हॅश ४ आला. सर्व्हर ४चा सातवा घात काढतो, तो येतो १६३८४. त्याला ३३ने भागले की बाकी उरते १६. हीच सही, आणि ती पत्रासोबत जाते. घेणारा सर्व्हर तुमच्या डीएनएसमधून ३३ आणि ३ हे दोन आकडे उचलतो, १६चा घन काढतो, तो येतो ४०९६, आणि ३३ने भागून बाकी उरते पुन्हा ४. आता त्याने स्वतः मिळालेल्या पत्राचा हॅश काढला आणि तोही ४ आला, तर सही खरी. वाटेत कोणी कोटेशनमधली रक्कम बदलली असेल, तर हॅश ४ येणार नाही आणि लबाडी उघडी पडेल. ७ हा आकडा मात्र या सगळ्यात तारेवरून कधीच जात नाही. अर्थात ३३चे अवयव शाळकरी मुलगाही पाडेल आणि त्यावरून ७ शोधून काढेल. म्हणून प्रत्यक्षात २०४८ बिटांची, म्हणजे सुमारे ६१७ अंकी संख्या वापरतात, जिचे अवयव पाडणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तिसरा डीमार्क. आतल्या ‘फ्रॉम’मधील डोमेन हे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी निदान एकात उत्तीर्ण झालेल्या डोमेनशी जुळते का, हे तो पाहतो आणि न जुळल्यास काय करावे, हे तुम्ही आधीच जाहीर करून ठेवता : काही नको, स्पॅममध्ये टाका, किंवा नाकारा. येथेच सेवेची पारख होते. अनेक स्वस्त सेवा पत्रावर सही करतात, पण ती स्वतःच्या डोमेनची; गणित बरोबर असूनही डीमार्कच्या हिशेबात ती तुमची सही ठरत नाही. त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारावा की डीकेआयएमची सही आमच्या डोमेनच्या नावाने होईल का. उत्तर देताना तो गोंधळला, तर पुढची बोलणी थांबवलेली बरी. फेब्रुवारी २०२४पासून गूगल प्रत्येक प्रेषकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५०००हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांकडून तिन्ही मागते.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. वेबसाइटसोबत मिळणारा मेल बहुधा अशा सर्व्हरवरून निघतो की ज्याच्या एका आयपी पत्त्यावर शेकडो वेबसाइट नांदत असतात. त्यांपैकी एक हॅक होऊन कचरा मेल पाठवू लागली की स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत तो पत्ता जातो आणि एका खोलीतल्या उपद्रवामुळे अख्ख्या चाळीचे नाव खराब होते. इचलकरंजीत हेही घडले होते. म्हणून वेबसाइटची जागा आणि मेलची सेवा वेगवेगळ्या ठेवणे इष्ट.

‘१०० टक्के इनबॉक्स डिलिव्हरी’ची हमी देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, कारण पत्र कोठे ठेवायचे हे पाठवणारा नव्हे, तर घेणारा सर्व्हर ठरवतो. अंकशास्त्राच्या सल्ल्याने डोमेनच्या नावात एक जादा ‘ए’ घालणारेही मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक सवयीने एकच ‘ए’ टाइप करते आणि मेल भलत्याच पत्त्यावर जातो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. पैसे सहसा मेलबॉक्समागे मोजले जातात, त्यामुळे चौकशी, हिशेब, विक्री अशा पत्त्यांसाठी वेगळे मेलबॉक्स न घेता एकाच मेलबॉक्सला टोपणपत्ते (त्याच मेलबॉक्समध्ये पत्रे आणणारे जादा पत्ते) जोडावेत. डोमेन मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या लॉगिनमध्येच असावे; वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असेल, तर सेवा बदलायच्या दिवशी तोच मालक ठरतो.

नवी सेवा सुरू झाल्यावर जीमेलच्या एखाद्या खात्यावर पत्र पाठवून, ते उघडून, तीन टिंबांच्या मेनूतील ‘शो ओरिजिनल’ पाहावे. तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. इचलकरंजीत ते दिसले, पण डीमार्कचे धोरण आम्ही लगेच ‘नाकारा’ असे केले नाही. आधी ‘काही नको’ ठेवून घेणाऱ्या सर्व्हरांकडून येणारे अहवाल वाचले. पहिल्याच आठवड्यात त्यांत एक अनोळखी आयपी पत्ता निघाला आणि परिचित हबकले. शोध घेतल्यावर ते त्यांचेच बिलिंग सॉफ्टवेअर असल्याचे आढळले, जे दर महिन्याला त्यांच्या डोमेनच्या नावाने गिऱ्हाइकांना बिले पाठवत होते आणि एसपीएफच्या यादीत कधीच नव्हते.